जप्तीबाईंच्या वर्गातले फोन

आमच्या सूनबाईला शाळेत जप्तीबाई म्हणतात. हे नाव मला घरात कुणी सांगितलं नाही. एकदा आम्ही दोघी पिशव्या घेऊन बाजारातून येत होतो, तर समोरून एक पोरगा फोनमध्ये तोंड खुपसून चालला होता. आम्हाला बघताच त्याने फोन खिशात कोंबला आणि शेजारच्या आईला दबक्या आवाजात म्हणाला, "जप्तीबाई आल्या." आई बिचारी कानकोंडी झाली. सूनबाईने हसून मान हलवली आणि पुढे चालायला लागली. रस्त्यावर माझा अधिकार चालत नाही, असं मला म्हणाली, आणि ते म्हणताना तिला त्याचं थोडं वाईट वाटत होतं हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

सासूने सुनेचं कौतुक केलं की ऐकणारे आधी एकमेकांकडे बघतात. म्हातारीला काहीतरी हवं असणार, असं त्यांना वाटतं. वाटू दे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी काढली, दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांना लोकांशी जोडून दिलं. कोण उगाच हवा सोडतंय आणि कोणाच्या बोलण्यात वजन आहे, हे मला आवाजावरून कळतं. आमच्या सुनेच्या बोलण्यात वजन आहे. हे मी तिच्या तोंडावर अजून म्हटलेलं नाही, कारण माणसाला डोक्यावर चढवून ठेवायचा माझा स्वभाव नाही. पण तिच्या माघारी सगळ्या गल्लीला सांगून झालं आहे.

ती आठवीला विज्ञान शिकवते. उंचीने बेताची, चालणं तुरुतुरु, आवाज कधी चढत नाही. चढवायची गरजच पडत नाही. दप्तराच्या तळाशी, डब्याखाली, रुमालात गुंडाळलेला फोन नुसता थरथरला तरी हिला फळ्याकडे तोंड करून ऐकू येतो. मग ती खडू खाली ठेवते, मागे न वळता हात पुढे करते, आणि ज्याचा फोन असेल तो आपणहून उठून तो हातावर ठेवतो. फोन पाकिटात जायचा, पाकिटावर नाव, आणि पाकीट प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात. सोडवून न्यायला आईने किंवा बापाने स्वतः यायचं. ओळखी सांगून बघितल्या लोकांनी, चिठ्ठ्या पाठवून बघितल्या. ती कुणालाच बधली नाही. घरीसुद्धा तेच. जेवणाच्या टेबलावर आमच्या चिरंजीवांचा फोन वाजला की त्यांचं तोंड पाहण्यासारखं होतं. माझाही फोन एकदा जप्त झाला आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर परत मिळाला आहे. मी काही बोलले नाही, कारण बहिणीशी माझं बोलणं फारच लांबलं होतं.

अशा बाईने स्वतःच्या हाताने पोरांच्या हातात फोन दिले.

झालं असं. त्यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच. दुसरा आहे, पण त्याची भिंग धरणारी नळी कुणीतरी कधी काळी पाडली, तेव्हापासून तो शोभेला. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवायचा तास होता. काचपट्टी लावून झाली, पोरं रांगेत उभी राहिली. एकेकाने डोळा लावायचा, दिसलं का, दिसलं, चला पुढे. खरं म्हणजे निम्म्यांना काही दिसत नाही. स्वतःच्या पापण्या दिसतात, पण मागच्याचा धक्का बसतो म्हणून दिसलं म्हणायचं. घंटा झाली तेव्हा रांगेच्या शेवटची पोरं तशीच राहिली, आणि सूनबाईच्या ध्यानात आलं की दर वेळी तीच राहतात. जी पोरं ढकलत नाहीत ती मागे पडतात, आणि मागे पडलेली वहीत पुस्तकातली आकृती उतरवून घेतात.

पुढच्या तासाला तिने स्वतःचा फोन त्या नळीच्या तोंडावर धरला. पडद्यावर पेशी उमटल्या, विटांच्या भिंतीसारख्या, एकीला एक लागून. सगळी पोरं एकदम वाकली आणि डोक्यावर डोकी आपटली. एका फोनने भागणार नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं. कपाट होतं, आणि त्यात त्या आठवड्याची जप्ती होती. तिने कुलूप काढलं, पाकिटं फोडली, आणि ज्यांचे फोन होते त्यांना एकेक करून बोलावलं. पोरांना वाटलं बाईंना ताप चढलाय. पेशींचे फोटो निघाले, बाकाबाकावर पोचले, बोटांनी मोठे करून पाहून झाले. एका मुलीने पेशीतला ठिपका दाखवून विचारलं की हा प्रत्येक खोलीत एकच का आहे. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला वर्गातून कुणी विचारला नव्हता. हे सांगायला सूनबाई त्या दिवशी चपलासुद्धा न काढता स्वयंपाकघरात आली होती.

मग ती मुख्याध्यापिकांकडे गेली. त्यांना शाळेत मोठ्या बाई म्हणतात. मुलांनी आपापले फोन आणावेत आणि ते विज्ञानाच्या तासाला वापरावेत, एवढीच तिची मागणी. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि हे तुम्ही म्हणताय का, असं दोनदा विचारलं. शिक्षकांच्या खोलीत तर जत्राच भरली. फौजदारानेच दारूचा गुत्ता उघडला, असं गणिताचे सर म्हणाले. शाळेच्या समितीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांनी हे ऐकलं आणि फोनवर फक्त एवढं सांगितलं की माकडाच्या हाती कोलीत द्यायचा हा प्रकार आहे. पण मोठ्या बाईंचा हिच्यावर जीव. त्यांनी सत्र संपेपर्यंत परवानगी मिळवली. एकच वर्ग, आठवड्यातून तीन दिवस, सकाळचे पहिले दोन तास. सत्र संपताना समिती वर्गात येऊन बसणार आणि ठेवायचं की बंद करायचं ते ठरवणार. आणि एक अट: एका जरी पालकाची तक्रार आली, तर त्या दिवशी सगळं बंद. ही अट कुणी घातली असेल ते सांगायला नको. सूनबाईने लगेच मान्य केली. मी म्हटलं, अगं, अशी अट कुणी मान्य करतं का, शंभर पालकांत एक तरी रडका असतोच. तर म्हणाली, आई, पोरांना मी इतकी वर्षं अटी घातल्या, आता एक माझ्यावर आली तर काय बिघडलं.

तिने वर्ग बसवला तो मी नंतर डोळ्यांनी पाहिला. चार-चार पोरांचा गट, गटात एक फोन. फोन बाकाच्या मधोमध पालथा. त्याला त्या पोरांचा शब्द होता "झोपवणं". बाई म्हणाल्या उठवा, की फोन सुलटा व्हायचा; झोपवा म्हणाल्या, की सगळे एका दमात पालथे. आणि खरी गंमत पुढे. ज्याचा फोन, त्याने त्याला हात लावायचा नाही. बाकीच्या तिघांनी चालवायचा. त्यामुळे झालं काय, ज्या घरात फोनच नाही तिथल्या पोराच्या हातात फोन आणि ज्याचा महागडा फोन तो वही घेऊन आकडे लिहितोय. सुरुवातीला कुरकुर झाली. एकाने विचारलं, बाई, माझाच फोन आणि मीच कारकून का. तिने त्याला सांगितलं की घरी गेल्यावर तो पुन्हा तुझाच होणार आहे. आठवड्याभरात कुरकुर थांबली. लोलक किती वेळात झोका घेतो, भिंतीपलीकडून आवाज किती कमी येतो, बी वाऱ्यात फिरत पडतं ते सावकाश चालणारं चित्र घेऊन कसं दिसतं, हे सगळं पोरं करायला लागली. रांगेच्या शेवटी राहणारी पोरं आता कुठल्याच रांगेत नव्हती. घरी आल्यावर सूनबाई गुणगुणायला लागली होती. ती बेसूर गुणगुणते, पण मी कान झाकले नाहीत.

आणि मग ती चुकली. कुणाच्याही हातून झाली असती अशी चूक नव्हती ती, जप्तीबाईंनाच शोभेल अशी होती. वर्षानुवर्षं फोनच्या आवाजाशी तिचं वैर. त्यामुळे तास सुरू झाला की पहिलं काम, सगळ्या फोनची तोंडं बंद. घंटी नाही, थरथर नाही, काही नाही. स्वतः फिरून एकेक तपासायची. तिच्या लेखी ते पोरांचे फोन होते, आणि पोरांना शाळेच्या वेळात कशाला कोण फोन करतंय.

एका सकाळी एक प्लंबर वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, पिशवीतून पान्ह्याचं टोक बाहेर. त्याची मुलगी दुसऱ्या बाकावर बसते, ठिपका दाखवून प्रश्न विचारणारी तीच. त्याला बघताच तिने मान खाली घातली. सूनबाई बाहेर गेली. तो ओरडला वगैरे नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली.

"बाई, तुम्ही शिकवता ते चांगलंच आहे," तो म्हणाला. "पोरगी घरी येऊन मलाच शिकवते. पण तो फोन म्हणजे माझं दुकान आहे. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस माझं दुकान बंद करता."

आदल्या दिवशी एका मोठ्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी फुटली होती. त्यांनी याला फोनवर फोन केले, आणि फोन आठवीच्या बाकावर पालथा, तोंड बंद करून पडलेला. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं. नुसती टाकी गेली नाही, त्या इमारतीचं कायमचं काम गेलं. वर्गात फोन न्यायला त्याने होकार दिला होता, खोटं काहीच नव्हतं त्यात. वाजला तर पोरगी उचलेल, एवढंच त्याने गृहीत धरलं होतं.

सूनबाई वर्गात परत आली आणि तिने विचारलं, कुणाकुणाचा फोन खरं म्हणजे घरातल्या कुणाचा तरी आहे. आधी एक हात वर आला, मग दोन, मग बघता बघता फोन आणणाऱ्यांतले बहुतेक हात वर. कुणाची आई घरोघरी जाऊन आजारी माणसांचं करायची, कुणाचा भाऊ गाडी चालवायचा, कुणाची मावशी शिवणकाम घ्यायची. सगळ्यांची दुकानं बाईंनी बंद केली होती.

त्याच दिवशी ती मोठ्या बाईंकडे गेली आणि तक्रार आल्याचं सांगितलं. मोठ्या बाईंनी विचारलं, लेखी आहे का. नाही. मग कसली तक्रार, तो माणूस बोलून मोकळा झाला, तुम्ही ऐकून मोकळ्या व्हा, आणि समितीपुढे हा विषय काढू नका, एवढं माझं ऐका. मी संध्याकाळी हेच सांगितलं. शहाण्या माणसाने सगळंच बोलून दाखवायचं नसतं. ती ताटावर बसली होती आणि घास नुसता चिवडत होती.

"आई, मी जप्तीच केली हो," ती म्हणाली. "पोरांच्या नाही, त्यांच्या आईबापांच्या फोनची. आणि मला वाटत होतं मी कपाट रिकामं केलं."

समजूत काढायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला कळलं आता माझ्यावर काहीतरी येणार. एक्स्चेंजमध्ये माणूस जागेवर नसला तर त्याचा निरोप तुम्ही कसा घ्यायचात, तिने विचारलं. मी सांगितलं. नाव, काम, ठिकाण, नंबर, आणि शेवटी सगळं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे समोरच्याला धीर येतो. हे तुम्ही माझ्या पोरांना शिकवाल का, ती म्हणाली. मी म्हटलं, माझी नोकरी संपली, आता मी कुणाची ताबेदार नाही. ती म्हणाली, बरं. आणि ताट उचलायला लागली. हे तिचं "बरं" फार वाईट असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस नीट विंचरून तिच्याआधी दारात उभी होते.

वर्गाच्या खिडकीशी एक टेबल मांडलं. ज्यांचे फोन घरच्या कामाचे, त्यांच्या फोनचा आवाज बारीक पण चालू. वाजला की तो लगेच त्या टेबलावर जायचा, आणि टेबलावर ज्याची पाळी असेल त्याने तो घ्यायचा. चिठ्ठीवर निरोप लिहायचा. मधल्या सुट्टीत फोन आणि चिठ्ठी फाटकाशी आलेल्या आईबापाच्या हातात. सूनबाई स्वतः प्लंबरच्या घरी जाऊन हे सांगून आली आणि पुन्हा एकदा फोन पाठवा म्हणाली. त्याने बराच वेळ पान्हा पुसला आणि मग हो म्हणाला.

पोरांना फोन घेता येत नाही हो. दिवसभर फोन हातात, आणि बोलायला सांगितलं तर दातखीळ. पहिल्या दिवशी एकाने फोन उचलून विचारलं, कोण पाहिजे. मी म्हटलं, अरे, तू काय दारावरचा पहारेकरी आहेस? आधी नमस्कार म्हण, मग तू कोण ते सांग. एक मुलगी इतकी हळू बोलायची की पलीकडच्याला वाटायचं फोन बिघडलाय. एकाने निरोप झकास घेतला आणि नंबर लिहायचाच विसरला. मी कुणाला रागावले नाही असं म्हणणार नाही, चांगली रागावले. पण हळूहळू जमलं. "काका गाडीवर आहेत, साडेदहाला ते तुम्हाला स्वतः फोन करतील, मी परत वाचून दाखवू का?" असं एक पोर खिडकीशी उभं राहून म्हणालं, तेव्हा माझ्या मनात आलं, याला मी आमच्या एक्स्चेंजमध्ये डोळे झाकून बसवला असता.

प्लंबरची मुलगी तर पुढेच गेली. नळ गळतोय असा फोन आला की ती विचारायची, जोडातून गळतोय की तोंडातून, धार आहे की थेंब. बापाला चिठ्ठी बघूनच कळायचं की कुठलं सामान घेऊन जायचं. एकदा तिने सूनबाईला विचारलं की थेंब थेंब म्हणतात ते दिवसाला किती पाणी होतं. दुसरी बाई असती तर हिशोब करून सांगून मोकळी झाली असती. ही सगळा वर्ग घेऊन शाळेच्या मागच्या नळाशी गेली. तो नळ मी त्या शाळेत जायला लागले तेव्हापासून गळतोय. पोरांनी फोनवर थेंबांचं सावकाश चित्र घेतलं, थेंब मोजले, पेल्यात जमवले, वजन केलं. तिथून त्यांचा मोठा उद्योगच सुरू झाला, आणि सत्र संपताना समिती येणार होती त्या दिवशीचा तासही त्याचाच ठरला.

त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते, खिडकीच्या टेबलाची मास्तरीण म्हणून. अध्यक्ष आले, बरोबर दोन सदस्य, मोठ्या बाई. अध्यक्षांनी वर्गावर नजर फिरवली ती गहाण ठेवायला आणलेला दागिना पारखावा तशी. सूनबाई म्हणाली उठवा, आणि फोन सुलटे झाले. पोरं कामाला लागली. अध्यक्ष गटागटातून फिरले. महागडा फोन असलेल्या पोराला त्यांनी विचारलं की तू का गप्प आहेस. तो म्हणाला, माझा फोन आहे, म्हणून मी आकडे लिहितो. अध्यक्षांना ते कळलं नाही, त्यांनी परत विचारलं, त्याने परत तेच सांगितलं, आणि यात न कळण्यासारखं काय आहे असा त्याचा चेहरा. नळाचं उत्तर फळ्यावर आलं. दिवसाला बादल्यांच्या बादल्या. एवढं पाणी वाया जातंय तर नळ दुरुस्त का करत नाही, अध्यक्षांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, अर्ज समितीकडेच आहे. मागे कुणीतरी पोर खुसकन हसलं. ते पोर मीसुद्धा असू शकेन.

तेवढ्यात फोन वाजला. अध्यक्षांनी भुवया वर करून मोठ्या बाईंकडे पाहिलं, बघा, हेच मी म्हणत होतो, अशा अर्थाने. फोन टेबलावर गेला. पाळी होती त्या हळू बोलणाऱ्या मुलीची. तिने नमस्कार म्हटलं, नाव सांगितलं, निरोप घेतला, परत वाचून दाखवला, फोन झोपवला. वर्गातल्या कुणीही मान वळवली नव्हती. पण अध्यक्षांचं समाधान झालं नाही. वर्ग म्हणजे कचेरी आहे का, हा सगळा खटाटोप कशासाठी, असं त्यांनी सूनबाईला विचारलं.

इथे गप्प बसायला हवं होतं. वर्गाला शिस्त म्हणून, असं काहीतरी सांगून मोकळं व्हायचं. मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मी पाहिलं. आमची नजर तिला कळली होती, याबद्दल मला शंका नाही.

"एका पालकांची तक्रार आली होती," ती म्हणाली. "माझ्यामुळे त्यांचं काम गेलं. अटीप्रमाणे त्या दिवशीच हे बंद व्हायला हवं होतं. ते मी केलं नाही, दुरुस्त करायचा प्रयत्न केला. आता तुम्ही ठरवा."

प्लंबरच्या मुलीने पेन खाली ठेवलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. माझ्या मनात पहिल्यांदा राग आला, सगळं बोलून दाखवायची ही कसली खोड. आणि त्या रागाच्या पाठोपाठ छाती भरून आली. अध्यक्ष म्हणाले, म्हणजे प्रश्नच मिटला, तक्रार आली की बंद, हे तुम्हीच मान्य केलं होतं.

मधली सुट्टी झाली आणि रोजच्यासारखा प्लंबर फोन न्यायला आला. एरवी तो फाटकाशी थांबायचा. त्या दिवशी मागचा नळ बघायला म्हणून पोरांनीच त्याला आत बोलावलं होतं. दारात उभा राहिला तर समोर हे सगळे. मोठ्या बाईंनी सांगितलं की तक्रार यांचीच. अध्यक्षांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि विचारलं, तुमची तक्रार होती, खरं का.

"होती," तो म्हणाला. "खरी होती. ती मी मागे घेणार नाही, माझं काम गेलं ते गेलंच."

सूनबाईने मान हलवली, बरोबर आहे म्हणून.

"आणि आता?" अध्यक्षांनी विचारलं.

"आता दुसरी आहे." त्याने पिशवी खाली ठेवली. "आठवड्यातून तीनच दिवस हे फोन घेतात. बाकीच्या दिवशी मी स्वतः घेतो, तर गिऱ्हाईक म्हणतं, ती मुलगी कुठे गेली, तिला द्या, तिला सगळं नीट कळतं. माझ्याशी बोलायला कुणी तयार नाही साहेब. याचं काहीतरी करा."

आधी मोठ्या बाई हसल्या. मग सदस्य हसले, पोरं हसली, आणि सगळ्यात शेवटी, जरा खोकल्यासारखं करून, अध्यक्ष. ते उठून खिडकीच्या टेबलाशी गेले आणि तिथल्या चिठ्ठ्या उभ्या उभ्या वाचत राहिले. बँकेतला माणूस तो; नाव, काम, ठिकाण, नंबर ओळीने लिहिलेलं दिसल्यावर त्याचं मन पाघळणारच. पुढच्या सत्रापासून सातवी, आठवी, नववी तिन्ही वर्गांना परवानगी, ते म्हणाले, पण हे टेबल प्रत्येक वर्गात हवं. आणि त्या तक्रारीच्या अटीची आता गरज नाही, ती काढून टाकू.

"नको," सूनबाई म्हणाली. "ती राहू द्या. त्या अटीमुळेच मला हे कळलं."

जन्मात कधी केला नसेल असा, दोन्ही हात जोडून, अध्यक्षांनी तिला नमस्कार केला आणि समिती बाहेर पडली.

पाहुणे निघाले की उभं राहायचं, हा शाळेचा नियम. पोरं उभी राहिली. पाहुणे गेले, त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली, मधली सुट्टी केव्हाच सुरू झालेली, तरी कुणी बाहेर पळेना की बसेना. सगळा वर्ग तिच्याकडे तोंड करून उभा. तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. ती फळा पुसत होती आणि पाठमोरी होती, आणि माझ्या मते ती मुद्दाम सावकाश पुसत होती.

वळली, बघितलं, आणि गडबडली. "बसा, बसा," म्हणाली. मग तिची नजर मागच्या बाकाकडे गेली. "आई, अहो, तुम्ही कशाला उभ्या? बसा ना."

मी म्हटलं, "बसते गं. तू आधी बस."